पाकिटावर सगळं छापता, मग शेतकऱ्याला दिलेला भाव तेवढा का नाही?

पुण्या-मुंबईतल्या आणि आता नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पणजी इथल्यासुद्धा समस्त स्पेशालिटी कॉफीवाल्यांना, म्हणजे कॅफे चालवणाऱ्यांना आणि स्वतः बीन्स भाजून पाकिटं विकणाऱ्या रोस्टर मंडळींना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आधीच सांगते, मी तुमची गिऱ्हाईक आहे, शत्रू नाही. पोटापाण्यासाठी कॉस्टिंगचं काम करते, त्यामुळे कुठलंही पाकीट हातात आलं की उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचायची खोड आहे, आणि हे पत्र त्याच खोडीतून आलंय. आत्ता समोर टेबलावर २५० ग्रॅमचं एक पाकीट आहे. त्यावर इस्टेटचं नाव आहे, तालुका आहे, समुद्रसपाटीपासून किती मीटर उंचीवर झाडं आहेत ते आहे, जात एसएल ७९५ आहे, प्रोसेस वॉश्ड आहे, भाजल्याची तारीख आहे, चवीत संत्र्याची साल, गूळ आणि डार्क चॉकलेट लागेल असंही लिहिलंय (मला गूळ लागला, संत्रं काही सापडलं नाही). आणि खाली एका ओळीत, एथिकली सोर्स्ड, शेतकऱ्याला न्याय्य भाव.

किती?

एवढंच विचारायचंय. बाकी सगळे आकडे छापलेत, मीटरपासून तारखेपर्यंत, फक्त जो आकडा न्याय्य आहे म्हणताय तो तेवढा नाही. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, मॅडम आम्ही फेअर ट्रेडच करतो. मी म्हटलं सर्टिफिकेट आहे का, तर म्हणाला नाही, डायरेक्ट आहे, म्हणजे थेट बागेकडून खरेदी. त्याचा काही दोष नाही, त्याला जे शिकवलंय ते तो बोलतो. कॅफेचं नाव मी घेणार नाही कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच उत्तर मिळतं.

आता तुम्ही म्हणाल की बाई, कॉफी प्या आणि गप्प बसा. पण फेअर ट्रेड हा शब्द वापरायचा असेल तर त्याच्यामागे एक हिशोब आहे, तो हिशोब जरा मांडू द्या, कारण माझं मागणं त्याच्यातूनच निघतं.

कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांचा जगातला भाव ठरतो दोन ठिकाणी. अरॅबिकाचा न्यूयॉर्कला, ज्याला धंद्यातले लोक नुसतं 'सी' म्हणतात, सेंट प्रति पौंड मध्ये, आणि रोबस्टाचा लंडनला, डॉलर प्रति टन. चिकमगळूरचा शेतकरी असो की इथिओपियाचा की होंडुरासचा, त्याच्या गावातला व्यापारी सकाळी उठून हेच बघतो आणि त्यात थोडं अधिक-उणं करून भाव सांगतो. पूर्वी असं नव्हतं. १९६२ पासून आंतरराष्ट्रीय कॉफी करार होता, पिकवणाऱ्या देशांना निर्यातीचा कोटा ठरवून दिलेला असायचा, त्यामुळे भाव एका पट्ट्यात राहायचा. १९८९ च्या जुलैमध्ये ती कोटा पद्धत मोडली आणि काही महिन्यांत भाव जवळपास निम्म्यावर आला. आपल्याकडे पण कॉफी बोर्डाचा पूल होता, पिकवलेलं सगळं बोर्डाला द्यायचं, बोर्ड विकणार आणि पैसे हप्त्याहप्त्याने देणार. १९९६ पर्यंत तेही गेलं. पूल गेल्याचं कोडगूत, म्हणजे कर्नाटकातल्या कूर्गमध्ये, फार कोणाला दुःख झालं असेल असं वाटत नाही, हप्त्यांसाठी थांबायचा वैताग काय असतो ते आमच्याकडच्या ऊसवाल्यांना विचारा, पण त्यानंतर शेतकरी आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये कोणी उरलं नाही हेही तितकंच खरं.

फेअर ट्रेडचं पहिलं कॉफी लेबल आलं ते १९८८ ला नेदरलँडमध्ये, मेक्सिकोच्या ओआहाका भागातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी घेऊन. कल्पना साधी होती आणि आपल्याला ती कळायला अजिबात जड नाही कारण आपण लहानपणापासून 'हमीभाव' हा शब्द ऐकत आलोय. एक किमान भाव ठरवायचा. मार्केट त्याच्या खाली गेलं तर किमान भाव द्यायचा, वर गेलं तर मार्केटचा भाव द्यायचा, आणि दोन्ही वेळेला वरून एक ठराविक प्रीमियम, जो संस्थेकडे जातो आणि सभासदांनी ठरवायचं की त्यातून शाळा, रस्ता, वॉशिंग स्टेशन की रोख वाटप. झालं. याशिवाय एक कलम आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, ते म्हणजे शेतकऱ्यांच्या संस्थेने मागितलं तर कॉन्ट्रॅक्टच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत ॲडव्हान्सची सोय खरेदीदाराने करून द्यायची. माझ्या मते त्या सगळ्या नियमावलीत सगळ्यात कामाचं कलम हेच आहे, त्याच्याकडे नंतर येते.

या किमान भावाने काम केलं का? केलं, जेव्हा गरज होती तेव्हा केलं. २००१ ला न्यूयॉर्कचा भाव ५० सेंटच्याही खाली गेला होता, मध्य अमेरिकेत लोक बागा सोडून गेले, आणि त्या वेळी फेअरट्रेडवाल्यांचा भाव प्रीमियम धरून १ डॉलर २६ सेंट होता. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. ज्याचा माल त्या भावाने गेला त्याचं घर वाचलं, यात वाद नाही.

वाद आहे तो 'ज्याचा माल गेला' या शब्दांवर. भाव हमीचा आहे, खरेदी हमीची नाही. आपल्याकडे २०१७ ला तुरीचं काय झालं आठवतंय ना, हमीभाव ५०५० रुपये होता, तूर उदंड झाली, बाजारात भाव त्याच्या खाली आणि खरेदी केंद्रावर बारदान नाही म्हणून वजनकाटा बंद. कॉफीतही तोच प्रकार. मार्केट खाली असताना जो किमान भाव वर दिसतो त्याच्यामुळे आणखी आणखी संस्था सर्टिफिकेट घ्यायला येतात, आणि त्या भावाने घेणारे गिऱ्हाईक काही तितक्या वेगाने वाढत नाहीत. मग होतं काय, संस्थेकडे शंभर पोती सर्टिफाइड असतात पण फेअरट्रेडच्या भावाने त्यातली थोडीच उचलली जातात, उरलेली साध्या भावाने, आणि सर्टिफिकेटचा खर्च मात्र शंभर पोत्यांवर पडतो. ग्वाटेमालातल्या संस्थांच्या बऱ्याच वर्षांच्या व्यवहारांवर अर्थशास्त्रज्ञांनी काम केलंय आणि त्यांचा निष्कर्ष असा की प्रवेश सगळ्यांना खुला असल्यामुळे जो जादा फायदा असतो तो अशा रीतीने गर्दीत विरून जातो. ऐकायला रुक्ष वाटतं पण कुठल्याही बाजार समितीतला हमाल हे सांगेल.

अजून एक गंमत. संस्थेकडे दोन प्रकारचा माल आहे, एक चांगला आणि एक बरा. किमान भाव दोघांना सारखाच मिळणार असेल आणि चांगल्याला बाहेर जास्त देणारं गिऱ्हाईक असेल, तर लेबलच्या पोत्यात कुठला भरतील? उत्तर तुम्हाला माहितीय, कारण 'फेअर ट्रेड कॉफी बेचव असते' हे वाक्य मी तुमच्याच धंद्यातल्या लोकांकडून ऐकलंय.

आणि भाव वर गेला की उलटं दुखणं. २०२१ च्या जुलैमध्ये ब्राझीलमध्ये हिमदव पडलं, भाव उसळले, आणि कोलंबियात ज्या शेतकऱ्यांनी आधीच कमी भावाने माल देण्याचे करार केले होते त्यातल्या कित्येकांनी माल दिलाच नाही, दहा लाख पोत्यांपर्यंतचा माल अडकल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. दारात उभा असलेला व्यापारी रोख देतोय आणि संस्था म्हणते चार महिन्यांपूर्वीच्या भावाने दे, तर माणूस काय करेल. उसाची पळवापळवी ज्यांनी बघितलीय त्यांना यात नवीन काही नाही. सहकारी संस्था मग दोन्हीकडून मरते, शेतकरी माल देत नाही आणि परदेशातल्या खरेदीदाराला तर द्यायचाच असतो.

हे सगळं सांगायचं कारण असं की फेअर ट्रेड म्हणजे काही पवित्र शिक्का नाही, ती एक भावाची यंत्रणा आहे आणि तिच्यात भोकं आहेत. पण निदान ती यंत्रणा आपला आकडा उघड सांगते! धुतलेल्या अरॅबिकाला २०११ पासून पौंडाला १ डॉलर ४० सेंट होता, ऑगस्ट २०२३ पासून १ डॉलर ८० सेंट केला, सुकवलेल्या रोबस्टाला १ डॉलर २० सेंट, प्रीमियम २० सेंट. कोणीही बघू शकतो, कोणीही शिव्या घालू शकतो की बारा वर्षं एकच भाव, महागाई काय झोपली होती का. तुमच्या 'न्याय्य भावा'ला मी शिव्यासुद्धा घालू शकत नाही कारण तो दिसतच नाही.

आता जरा कपात उतरू या. (कॉस्टिंगवाल्या बाईला एवढी मोकळीक द्या.)

डबल शॉटला साधारण १८ ग्रॅम भाजलेली कॉफी लागते, म्हणजे किलोत ५५ कप. भाजताना वजन घटतं म्हणून किलोभर भाजलेल्या कॉफीला सव्वा किलोच्या आसपास कच्ची बी लागते, मी १.२ धरते. डॉलर ८५ रुपये धरा. तर फेअरट्रेडचा २० सेंटचा प्रीमियम एका कपावर येतो जेमतेम ८० पैसे. ऐंशी पैसे! आणि अख्खा किमान भाव, १ डॉलर ८० सेंटवाला, तो येतो कपाला सव्वासात रुपयांच्या आसपास. २०१९ ला न्यूयॉर्क एका डॉलरच्या खाली गेलं होतं, त्या वेळच्या सत्तर रुपयांच्या डॉलरने कपातली बी पडायची जेमतेम सव्वातीन रुपयांची. २०२५ च्या फेब्रुवारीत तेच न्यूयॉर्क चार डॉलरच्या वर, १९७७ चा विक्रम मोडून, तेव्हा सोळा रुपयांच्या पुढे. भाव बंदरावरचा आहे हे लक्षात ठेवा, शेतकऱ्याच्या हातातला नाही, मधे सोलणी, प्रतवारी, वाहतूक, संस्थेचा खर्च सगळं जातं.

म्हणजे तुमच्या २८० रुपयांच्या कॅपुचिनोमध्ये कच्च्या बीचा वाटा २०१९ सारख्या वाईट वर्षी सव्वातीन रुपये आणि इतिहासातल्या सगळ्यात भारी वर्षी सोळा. मधल्या काळात बाकी काय काय झालं, भाडं वाढलं, पगार वाढले, ओट मिल्क आलं. मी तुम्हाला लुटारू म्हणत नाहीये. फर्ग्युसन रोडला किंवा बांद्र्याला गाळ्याचं भाडं काय आहे ते मला माहितीय, मशिनचा हप्ता असतो, एसी असतो, आणि एका कॅपुचिनोवर चार तास लॅपटॉप उघडून बसणारी आमच्यासारखी जनता असते. कपाचा भाव म्हणजे मुळात जागेचं भाडं आहे हे मला मान्य. माझा मुद्दा उलटा आहे, की बी इतकी स्वस्त पडत असेल तर शेतकऱ्याला नीट भाव देणं हे तुम्हाला परवडणारं आहे, सगळ्या खर्चात तोच एक खर्च असा आहे जो दुप्पट झाला तरी तुमचं दुकान बंद पडणार नाही.

पण इथेच एक सापळा आहे. 'आम्ही कपाला दहा रुपये जास्त घेतो आणि ते शेतकऱ्याला देतो' असलं काही करू नका प्लीज. गिऱ्हाईकाने दिलेले दहा रुपये आणि शेतकऱ्यापर्यंत पोचलेले दहा रुपये यांच्यामध्ये काही दोरी बांधलेली नसते. चांगुलपणाची किंमत आकारून नफा कमावणं हा जगभरातल्या दुकानदारांचा जुना छंद आहे, लेबल लागलं की शेल्फवरचा भाव जितका चढतो तितका मुळाशी चढत नाही. दोरी बांधायची असेल तर ती कॉन्ट्रॅक्टमध्ये बांधायला लागते, मेन्यू कार्डात नाही.

तुमच्यापैकी अनेकांचं म्हणणं असतं की आम्ही मार्केटपेक्षा भरपूर जास्त देतो. असेलही, कपिंगला, म्हणजे चव घेऊन गुण देतात त्या चाचणीत, ऐंशीच्या वर गुण मिळालेल्या लॉटला जास्त भाव मिळतोच, मिळायलाच पाहिजे. पण तुम्ही त्या इस्टेटकडून उचलता किती? चार पोती, आठ पोती, ते अ‍ॅनारोबिक की काय केलेलं. तेवढ्या पोत्यांसाठी त्याने पिकलेली लाल फळंच वेगळी तोडून घेतली, जमिनीपासून उंच जाळ्यांवर सुकवली, दिवसातून चार वेळा हात फिरवला, त्याची मजुरी वेगळी. बागेतला उरलेला सगळा माल जातो क्युरिंग वर्क्सला, म्हणजे बी सोलून साफ करणाऱ्या कारखान्याला, नाहीतर गावातल्या व्यापाऱ्याला, पन्नास किलोच्या पिशवीच्या भावाने. रोबस्टा चेरी असेल तर 'ओटी'वर, म्हणजे पन्नास किलो सुक्या फळातून साफ बी किती किलो निघते त्यावर, आपल्याकडे उसाला रिकव्हरी असते तसलाच प्रकार, आणि त्यावरून भांडणंही तसलीच. तर तुमच्या आठ पोत्यांचा जादा भाव अख्ख्या बागेवर पसरला की त्याचं किती उरतं हे गणित तुम्ही कधी केलंय का? पाकिटावर त्याच्या बागेचा फोटो मात्र पूर्ण असतो.

आणि खरं सांगायचं तर भारतातल्या कितीतरी कॉफी बागायतदाराला अडल्या वेळी तारलंय ते काळ्या मिरीने. सिल्व्हर ओकवर चढवलेल्या वेलींनी. ज्या वर्षी कॉफी पडली त्या वर्षी मिरीवर घर चाललं. हे पाकिटावर लिहायचं काही कारण नाही, पण आम्ही देतो त्या भावावर शेतकरी सुखी आहे असं म्हणण्याआधी एकदा विचारून बघा की तो कॉफीवर सुखी आहे का मिरीवर.

आता मजुरांबद्दल, आणि इथे मी फेअर ट्रेडवाल्यांवर पण नाराज आहे. फेअरट्रेडच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा कॉफीबाबत नियम असा की शिक्का फक्त छोट्या शेतकऱ्यांच्या संस्थांना. मोठ्या इस्टेटीला नाही. २०११ ला अमेरिकेतली शाखा यावरूनच वेगळी झाली, त्यांचं म्हणणं इस्टेटीवरच्या मजुरालाही यात घ्या. दोन्ही बाजूंकडे मुद्दे होते. आपल्याकडे ९८ टक्क्यांहून जास्त बागायतदार दहा हेक्टरच्या आतले, त्यामुळे आंध्रातल्या अराकूच्या डोंगरातले आदिवासी शेतकरी किंवा वायनाडमधले छोटे शेतकरी यांना संस्थेच्या मार्गाने हा शिक्का मिळू शकतो आणि मिळालेलाही आहे. पण तुमच्या पाकिटांवर ज्या नामांकित इस्टेटी असतात, त्यांच्या लाईनीत, म्हणजे मजुरांच्या चाळीत, राहणारा मजूर, आसाम-झारखंडमधून हंगामापुरता आलेला तोडणीवाला, तो या चित्रात कुठेच नाही. आणि छोट्या शेतकऱ्याकडचा मजूर तरी कुठे आहे? २०१४ मध्ये लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या संशोधकांनी इथिओपिया आणि युगांडात बघितलं तर फेअरट्रेड संस्था असलेल्या भागातल्या रोजंदारीवाल्यांची मजुरी इतरांपेक्षा चांगली नव्हती, उलट बऱ्याच ठिकाणी वाईट होती. कोस्टारिकातही असंच दिसलं, बागमालकाचं उत्पन्न वाढलं, मधल्या दलालाचं घटलं, तोडणीवाला होता तिथेच.

तुमच्या एका डबल शॉटमध्ये साधारण सत्तर फळं असतात. प्रत्येक फळात दोन बिया, तुम्हीच मोजून बघा. ती सत्तर फळं कोणीतरी उतारावर उभं राहून, एक एक, लाल झालेलीच बघून तोडलेली असतात, हिरवं तोडलं तर तुम्ही लॉट परत पाठवता. निवडून तोडायचं तर दिवसभरात किलो कमी भरतात, आणि मजुरी जर किलोवर असेल तर तुमच्या क्वालिटीचा खर्च तोडणारीच्या खिशातून गेला. हे कोणी मुद्दाम करतं असं नाही, पण विचारलं नाही तर होतंच. म्हणून भावाबरोबर हेही विचारा, निवडक तोडणीला रोजाने पैसे देता की किलोने.

रेनफॉरेस्ट अलायन्स या दुसऱ्या सर्टिफिकेटच्या शिक्क्यावरच्या हिरव्या बेडकाबद्दल पण एक वाक्य, कारण तो बघून लोकांना वाटतं की झालं, भाव पण मिळाला असणार. तो बेडूक कुठलाही किमान भाव ठरवून देत नाही. झाडं, पाणी, कामाच्या अटी याबद्दल तो काय बोलायचं ते बोलतो, भावाच्या किमान आकड्याबद्दल गप्प आहे.

बरं, मग माझं मागणं काय. पहिलं, पाकिटावर भाव छापा. गोलगोल नको. 'कच्च्या बीला किलोमागे इतके रुपये, बागेच्या फाटकावर, अमुक हंगाम' एवढी एक ओळ. फाटकावरचा की क्युरिंग नंतरचा हे लिहिणं गरजेचं आहे कारण पार्चमेंटचा, म्हणजे वरचं टरफल न काढलेल्या बीचा, किलो आणि साफ बीचा किलो यात फरक पडतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. स्पर्धकाला भाव कळेल म्हणाल तर कळू द्या ना, शेतकऱ्याला पण कळेल की शेजारच्याला काय मिळालं, आणि तुमच्या लपवाछपवीचं खरं कारण तेच आहे असा माझा संशय आहे. चुकीचा असेल तर छापून खोटा पाडा.

दुसरं मागणं जास्त महत्त्वाचं आहे आणि ते मागायची योग्य वेळ भाव चढे असतानाची आहे. भाव चढला की तुम्ही सगळे सांगता की कच्चा माल किती महागला, अरॅबिका पार्चमेंटची पिशवी २०२५ च्या सुरुवातीला पंचवीस हजारांच्या वर गेली होती, आमचं मार्जिन गेलं वगैरे. कबूल. पण शेतकऱ्याला तुमची गरज महागाईत नाही, तेव्हा त्याच्या दारात व्यापाऱ्यांची रांग असते. त्याला तुमची गरज आहे पुन्हा २०१९ येईल तेव्हा. आणि येणार, कारण चढ्या भावाला ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये लोक नवीन झाडं लावतात, ती झाडं तीन-चार वर्षांनी फळाला येतात, सगळी एकदम येतात, आणि भाव कोसळतो. कॉफीच्या इतिहासात हे चक्र इतक्या वेळा फिरलंय की यात भविष्य सांगण्यासारखं काही नाही. तर आजच तीन वर्षांचा करार करा, मार्केट वर असेल तर मार्केटप्रमाणे अधिक काही ठराविक रक्कम, आणि खाली गेलं तर एक तळाचा भाव, त्या बागेच्या खर्चावरून काढलेला, खोडकिडीने मेलेली झाडं बदलण्याचा खर्च धरून, फेब्रुवारी-मार्चचा पाऊस चुकला तर स्प्रिंकलरला जे डिझेल जळतं ते धरून. मार्केट तळाच्या बरंच वर असताना तळाचा भाव लिहून द्यायला तुम्हाला एक रुपया लागत नाही. भाव पडल्यावर हा करार करायला कोणी तयार होत नाही, विमा आग लागल्यावर काढता येत नाही म्हणतात तसं. जो रोस्टर आज हे लिहून देणार नाही त्याचं 'नातं' वगैरे इन्स्टाग्रामपुरतं आहे असं मी समजेन.

आणि तो ॲडव्हान्स. अरॅबिकाची तोडणी नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, रोबस्टाची त्याच्या मागोमाग फेब्रुवारी-मार्चपर्यंत. त्या दिवसांत बागायतदाराला दर आठवड्याला मजुरीसाठी रोख लागते. तुमचे पैसे येतात माल पोचल्यावर, मग कपिंग होणार, मग बिल, मग साठ-नव्वद दिवस. मधल्या काळात तो कर्ज काढतो किंवा गावातल्या व्यापाऱ्याकडून उचल घेतो, आणि उचल घेतली की माल त्यालाच द्यायला लागतो, त्याच्या भावाने. म्हणजे तुम्ही किलोला वीस रुपये जास्त देऊन जे कमावलंत ते नव्वद दिवस थांबवून घालवलंत. छोट्या रोस्टरकडे पैसे कुठून येणार म्हणाल, तर तुम्ही गिऱ्हाईकांकडून वर्षभराच्या सबस्क्रिप्शनचे पैसे आधी घेता की! त्यातला काही हिस्सा डिसेंबरमध्ये बागेकडे पाठवा, माझी ना नाही, माझे पैसे आधी घ्या.

हे सगळं करून कॉफी महाग होईल का, तर थोडी होईल. वरच्या हिशोबावरून बघा, कपाला काही रुपयांची गोष्ट आहे, तेवढे माझ्यासारखे लोक देतील आणि जे देणार नाहीत ते तसेही तुमच्याकडे येत नाहीत, ते अमृततुल्यला जातात आणि सुखी आहेत.

उत्तर खाजगीत पाठवू नका, तुमच्या पानावर टाका, आकड्यासकट. पुढच्या हंगामाचे सौदे तुम्ही दिवाळीनंतर करायला घ्याल, त्याआधी आलं तर बरं.

कळावे, लोभ आहेच,
तुमची एक नेहमीची गिऱ्हाईक (फिल्टर, बिनसाखरेची)

ता. क. चिखलदऱ्याला, आपल्या मेळघाटात, कॉफी होते. थोडीशीच होते पण महाराष्ट्रात पिकणारी कॉफी म्हणून तिचं नाव सगळे अभिमानाने घेतात. तुमच्यापैकी कोणी तिची पाकिटं काढायचं ठरवलं तर अमरावती जिल्हा, उंची, चव हे सगळं लिहाच, आणि तोडणाऱ्या बाईला रोज किती पडला तेही त्याच साईजच्या अक्षरात.